नोंदीत बाई हसते

३ सप्टेंबर, मंगळवार

ताई म्हणाली, बोलत नाहीस तर निदान लिहीत तरी जा. म्हणून ही वही. मे महिन्यात ही गेली, तेव्हापासून ताई रोज फोन करते आणि रोज एकच विचारते, ‘रडलास का?’ औषध घेतलंस का, या सुरात. मी म्हणतो, अजून जमलं नाही. बायको गेली की माणूस रडतो, हे मलाही माहीत आहे. जमत नाही, त्याला मी काय करू?

घरात आता मी आणि लेक, दोघंच. ती सकाळी तिच्या नोकरीवर जाते, मी माझ्या. संध्याकाळी एका टेबलावर जेवतो. ती मीठ मागते, मी देतो. समोर टीव्ही चालू असतो, आवाज बंद करून. मला हल्ली आवाज नकोसे झालेत. दाराची घंटा काढून टाकली, फोन थरथरण्यावर ठेवला. लेक काही म्हणत नाही. तशी ती कशालाच काही म्हणत नाही.

कचेरीतलं मात्र सगळं सुरळीत आहे. एकही सुट्टी जास्तीची घेतली नाही. आमच्या वरिष्ठ वकीलबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘यांच्याकडून शिका.’

५ सप्टेंबर, गुरुवार

ताईला माझी नोकरी अजून कळलेली नाही. तिला वाटतं मी दिवसभर टीव्ही बघायचा पगार घेतो. तसं ते खोटंही नाही.

टीव्हीवर, रेडिओवर काही खटकलं की लोक आमच्या मंडळाकडे तक्रार करतात. आधी चॅनेलला उत्तर द्यायची संधी मिळते. त्यावर तक्रारदाराचं समाधान झालं नाही तर प्रकरण माझ्या टेबलावर येतं. मी नोंदकार. ज्या तुकड्याबद्दल तक्रार आहे तो बघायचा आणि त्यात जे दिसतं, ऐकू येतं, ते कागदावर उतरवायचं. नोंद दोन्ही बाजूंना जाते, मग तिघांचं मंडळ बसतं. वकीलबाई अध्यक्ष. दुसरे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. तिसरे निवेदक, जन्मभर रेडिओवर बातम्या वाचलेले. नुसतं ‘चहा घेता का’ विचारलं तरी ठळक बातमी असल्यासारखी वाटते. तिघं मिळून तक्रार उचलून धरतात किंवा फेटाळतात.

नोंदीत विशेषण चालत नाही आणि कारण चालत नाही. ‘बाई दुःखाने रडते’ असं लिहायचं नाही. ‘बाई रडते’ एवढंच. दुःखाने की कांद्याने, ते मंडळ ठरवेल. नोंद दोन फेऱ्यांत करायची, अशी आमची जुनी रीत आहे. पहिली फेरी आवाज बंद ठेवून, म्हणजे पार्श्वसंगीताने डोळ्यांची दिशाभूल होत नाही. दुसरी हेडफोन लावून. चॅनेलने जो लेखी संवाद पाठवला असेल तो शब्द न् शब्द ताडून बघायचा.

आज एका आजोबांची तक्रार होती, की सकाळच्या बातम्या देणारी मुलगी आवंढा गिळते तो ऐकू येतो. निवेदकांनी ती फार मनावर घेतली. अर्धा तास आवंढ्यावर बोलले. शेवटी फेटाळली, पण जड अंतःकरणाने.

९ सप्टेंबर, सोमवार

नवीन प्रकरण. कलम ‘दुःखात घुसखोरी’. एका कारखान्यात स्फोट झाला होता. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एका बाईला बातमीदाराने गाठलं. बाई म्हणते, नवरा गेल्याचं मला तिथे, कॅमेऱ्यासमोर, त्या माणसाने सांगितलं. चॅनेल म्हणतं, अजिबात नाही. बाईंना आधीच कळलं होतं, त्या रस्त्यावर उभ्या होत्या, स्वखुशीने बोलल्या. वर तो तुकडा चॅनेलने आपल्या जाहिरातीत घातलाय. ‘सर्वांत आधी आम्ही’ अशी अक्षरं, दणदणीत संगीत, आणि मधे त्या बाईचा चेहरा. दर तासाच्या बातम्यांआधी लागते. बाईचं मागणं एवढंच, की मला तिथून काढा.

मी केलेली नोंद:

‘रस्ता. लोखंडी फाटक बंद. मागे धूर. स्त्री, वय चाळिशीच्या आसपास, उजव्या हातात डबा. पुरुषाची पाठ चौकटीत येते. पुरुष स्त्रीच्या कानाशी वाकतो. स्त्री त्याच्याकडे बघते. स्त्री हसते. डबा वर धरते. पुरुष कॅमेऱ्याकडे हात करतो. स्त्री मान हलवते, फाटकाकडे वळते. दृश्य संपते.’

संवाद चॅनेलने पाठवला होताच: ‘बातमीदार: (अस्पष्ट). स्त्री: (अस्पष्ट).’ तोच खाली जोडला. हेडफोन खणात असतात. हल्ली कान दुखतात.

चांगली नोंद झाली. एकही विशेषण नाही. ‘लोखंडी’ आहे, पण ते चालतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

ताईने आज फोनवर मलाच धारेवर धरलं. ‘तुला त्या दिवशीचं काही आठवतं तरी का?’ मी म्हटलं, सगळं आठवतं. लांब बोळ. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मास्क खाली केला. ते काहीतरी म्हणाले, मी काहीतरी म्हणालो. आम्ही हात मिळवला. काचेच्या दारापलीकडे लेक उभी होती, दोन्ही हातांत कागदी पेले, माझी कॉफी आणि तिची. मी तिच्याकडे बघितलं. तिने दोन्ही पेले जमिनीवर ठेवले आणि पाठ फिरवली.

‘तुम्ही काय बोललात?’

‘ते कशाला आठवायला हवं?’

ताईने ते तिथेच सोडलं. मग म्हणाली, ‘तिच्याशी बोल रे. पोरगी आतल्या आत कुढतेय.’ मी बोलतो की. कालच विचारलं, छत्री नेलीस का. त्या दिवसापासूनच ती अशी आहे, कामापुरतं बोलणारी. आई गेल्यावर मुली अशा होत असतील.

१८ सप्टेंबर, बुधवार

नोंद गेल्या आठवड्यात दोन्ही बाजूंना गेली. चॅनेलचं उत्तर पाठोपाठ आलं. त्यांचा माणूस नेहमी टाय लावून येतो, म्हणून कचेरीत त्याला टायवाले म्हणतात. टायवाल्यांनी फार नम्र पत्र लिहिलंय. ‘मंडळाच्याच नोंदीनुसार तक्रारदार हसत आहेत. सबब दुःखात घुसखोरी झाली, असे म्हणता येणार नाही.’

मास्तर म्हणाले, मुद्दा बिनतोड आहे. मलाही तसंच वाटलं. नोंद उपयोगी पडली की बरं वाटायला हवं. वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. जेवायला अंडी केली. लेकीने एक खाल्लं.

२३ सप्टेंबर, सोमवार

तक्रारदार बाई कचेरीत आली. असं कुणी येत नाही. आमचा सगळा व्यवहार टपालाने, नाहीतर फोनवर. खाली अडवलं तर म्हणाली, हे ज्याने लिहिलंय त्याला बघितल्याशिवाय जाणार नाही. मी खाली गेलो. नोंदीचा कागद घडी घालून घालून मऊ झाला होता. दंडावर सुई टोचलेली होती, दोरा लोंबत होता. कपडे दुरुस्तीचं दुकान आहे तिचं, तिथूनच उठून आली असावी.

‘हे तुम्ही लिहिलंत?’

‘हो.’

‘मी हसत नव्हते हो. माझा माणूस आत मरून पडलेला आणि मी दात काढेन? असं वाटतं तुम्हाला?’

‘बाई, आम्हाला काही वाटून चालत नाही. जे दिसतं ते लिहितो.’

‘अहो, सासूबाई रोज ती जाहिरात बघतात. बंद कर म्हटलं तरी बघतात. त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा घेत नाहीत. पोरगा गेला आणि सून हसतेय, असं म्हणतात शेजारणीला, मला ऐकू जाईल असं. मी म्हणायचे, टीव्हीवाले काहीही दाखवतात, थांबा जरा, मंडळाचा कागद येऊ दे. आला. दिराने मोठ्यांदा वाचला. स्त्री हसते.’ कागद तिने माझ्यापुढे धरला. ‘आता मी कुठल्या तोंडाने बोलू?’

मी कागद वाचल्यासारखं केलं.

‘आणि तो माणूस मला काय म्हणाला ते का नाही यात?’

‘ते अस्पष्ट आहे.’

‘तुम्ही ऐकलंत? स्वतः?’

मी हो म्हणालो.

ऐकलं नव्हतं. इथे लिहायला हरकत नाही. मे महिन्यापासून एकाही तुकड्याचा आवाज मी ऐकलेला नाही. दुसरी फेरी करतच नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. ती विचारून गेली, तेव्हा आलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी खणातून हेडफोन काढले. कानाला लावले आणि बराच वेळ बटण न दाबता बसलो. मला भीती वाटत होती. कशाची, ते कळत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि रोजचंच तर काम.

मग दाबलं.

फाटकामागे भोंगा वाजत होता. माणसं ओरडत होती. बातमीदार माइक लांब धरून हळू बोलतो, पण आवाज वाढवला की शब्द कळतात. अस्पष्ट वगैरे काही नाही.

‘ताई, तुमचे मिस्टर आत होते ना? ते गेले. नाव आलंय.’

आणि ती हसते. खरंच हसते, मोकळी.

‘काहीतरीच काय! डबा विसरलेत ते. हा बघा, डबा द्यायला आलेय मी.’

‘इकडे कॅमेऱ्यात बघा. काय वाटतंय तुम्हाला?’

‘थांबा हं जरा, त्यांनाच बोलावते.’

तिथे तुकडा संपतो.

चार-पाच वेळा ऐकलं. नोंद चूक नव्हती. बाई हसते. पण ज्याला आधीच कळलंय तो असा हसत नाही. ज्याला आत्ता, या क्षणी सांगितलंय आणि ज्याच्या कानापर्यंतच ते पोचलंय, तो असा हसतो. टायवाल्यांनी जे हसू पुढे केलंय, तेच त्यांच्या विरुद्ध जातं, आणि माझ्या कागदावर त्याचा पत्ता नाही.

हेडफोन काढले तरी ते ‘काहीतरीच काय’ जाईना. हे मी आधी कुठे तरी ऐकलंय असं वाटत राहिलं. दुपारी जेवलो नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

वकीलबाईंच्या खोलीत गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

‘मे महिन्यापासून? एकही नाही?’

‘नाही.’

‘अहो, मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देत होते!’ त्या डोकं धरून बसल्या. मग त्यांच्यातली वकील जागी झाली. एकदा दोन्ही बाजूंना गेलेली नोंद आपण बदलत नाही. गुपचूप बदलली तर टायवाले म्हणणार, बाई येऊन रडली आणि मंडळ पाघळलं. बदलायची असेल तर एकच वाट आहे: नोंदकाराने सुनावणीत उभं राहून सांगायचं, की मी दुसरी फेरी केली नाही. ‘मग तुमची मधली सगळी प्रकरणं उकरतील. या खुर्चीवर तुम्हाला ठेवता येणार नाही मला. कळतंय ना?’

‘आणि नाही सांगितलं तर?’

‘तर फेटाळली जाईल. मास्तरांचं मत झालेलंच आहे. ती जाहिरात चालू राहील.’

मी म्हटलं, ‘बरं.’

‘बरं काय? सांगणार का नाही?’

‘सांगतो.’

त्या दार उघडायला उठल्या, मग वळल्या. ‘घरी सगळं ठीक आहे ना हो?’ मी म्हटलं, ठीक आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सुनावणी झाली. बाई दुकान बंद करून आली होती, कडक इस्त्रीच्या साडीत, एकटीच. टायवाले दोन सहायक घेऊन.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सांगून झालं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. टायवाले म्हणाले, हे धक्कादायक आहे, आणि त्यांना ते मनापासून आवडलेलं दिसत होतं.

मग तुकडा लावला, आवाज मोठा करून. निवेदकांनी डोळे मिटून घेतले. मी बाईकडे बघत होतो. स्वतःचं हसू कानावर आलं तशी ती दचकली. ‘थांबा हं जरा, त्यांनाच बोलावते’ला तुकडा संपला.

‘हसलेच की मी,’ ती म्हणाली. ‘खरंच हसले.’

टायवाले लगेच, ‘नोंद घ्यावी. तक्रारदार स्वतःच मान्य करतात.’

‘गप बसा हो जरा,’ वकीलबाई म्हणाल्या. अध्यक्षांच्या तोंडी असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. ‘परत लावा.’

परत लावला. निवेदक डोळे न उघडता बोलले, साध्या घरगुती आवाजात. ‘हिला काही माहीत नव्हतं. त्याने सांगितलं, आणि ही त्याची समजूत घालतेय. डबा दाखवून.’

बाई पदर तोंडाशी धरून बसली होती. ‘मला आठवतच नव्हतं. डबा कुठे ठेवला तेही नाही. घरात एक डबा कमी आहे, एवढंच कळायचं.’

तक्रार उचलून धरली, तिघांनी, मास्तरांसकट. जाहिरात आजच्या आज बंद. निर्णय चॅनेलने रविवारी संध्याकाळच्या बातम्यांआधी वाचून दाखवायचा, मी तिथेच केलेल्या नव्या नोंदीतल्या बातमीदाराच्या आणि बाईच्या शब्दांसह. माझी बदली सोमवारपासून फोनच्या टेबलावर: प्रेक्षकांच्या, श्रोत्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या. दिवसभर ऐकायचं. वकीलबाईंनी हे मुद्दाम केलं की काय, त्यांनाच माहीत.

जिन्यात बाईने मला थांबवलं. रागावेल असं वाटलं. म्हणाली, ‘त्यांनाच बोलावते असं मी म्हणाले, ते लिहिलंय ना नव्या कागदात?’

‘लिहिलंय.’

‘मग मला तो आत्ताच द्या. टपालाने नको. सासूबाईंना मीच वाचून दाखवते.’

दिला. तिने उभ्याउभ्याच वाचला. ‘स्त्री हसते’ तिथे बोट थांबलं, मग पुढे गेलं.

६ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी बातम्यांआधी मी टीव्हीचा आवाज चालू केला. लेक स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून. घरात किती दिवसांनी माणसाचा आवाज झाला होता. मी म्हटलं, बस, माझ्या कामाचं आहे. ती खुर्चीच्या काठावर बसली.

निवेदिकेने निर्णय वाचला, अगदी सरळ आवाजात. ते गेले. काहीतरीच काय. थांबा हं जरा. वाचून झाल्यावर हवामान लागलं.

‘हे तू लिहिलंस?’ लेकीने विचारलं.

‘हो. दुसऱ्यांदा.’

‘म्हणजे तिला पटलंच नाही, म्हणून ती हसली?’

‘हो.’

ती टेबलावरचं मीठ इकडून तिकडे सरकवत राहिली. मग एकदम म्हणाली, ‘तू पण हसला होतास.’

‘कधी?’

‘बाबा, तू डॉक्टरांचा हात हातात घेऊन हसत होतास. मी काचेतून बघत होते. आई गेली होती आणि तू त्यांच्याशी हसून...’ तिने मीठ एकदम लांब ढकललं. ‘मला वाटलं, सुटलास तू एकदाचा. तिच्या दुखण्यातून.’

मी बोळ आठवला. काचेचं दार जाड होतं, पलीकडे काही ऐकू जात नव्हतं. डॉक्टरांनी मास्क खाली केला. आणि मला डॉक्टरांचे शब्द ऐकू आले, आणि माझे पण, इतक्या महिन्यांनी, जसेच्या तसे.

‘ते म्हणाले, त्या गेल्या,’ मी लेकीला सांगितलं. ‘मी म्हणालो, असं कसं, सकाळी चांगली बोलत होती की. मग संध्याकाळी घरी नेऊ ना तिला? गाडी खालीच लावलीय.’

लेकीने माझ्याकडे बघितलं. मे महिन्यापासून पहिल्यांदाच, नीट.

‘असं म्हणालास?’

‘असं म्हणालो. हात हातात घेऊन. त्यांना बिचाऱ्यांना काय बोलावं कळेना.’

‘आणि मी कॉफी तिथेच ठेवून निघून गेले,’ ती म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हवामान संपून खेळाच्या बातम्या लागल्या. आवाज तिनेही बंद केला नाही, मीही नाही.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. ताई, तिच्या ठरलेल्या वेळी, ठरलेला प्रश्न घेऊन. मी उचलायला हात पुढे केला, पण लेकीने आधी घेतला. नाक ओढत म्हणाली, ‘आत्या, थोड्या वेळाने कर ना. बाबा रडतोय.’

काहीतरीच काय, असं मी म्हणणार होतो, पण आवाज फुटेना.